परीक्षा न देताच सिक्स्थ फॉर्मला निघालेली पोरं: इंग्लंडमधल्या मराठी आईबाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न (ऑगस्ट २०२१)

१२ ऑगस्टला जीसीएसईचे (म्हणजे इथल्या दहावीचे) रिझल्ट लागले आणि तेव्हापासून माझा फोन काही शांत झालेला नाही. कारण असं की आमच्या थोरलीची जीसीएसई २०२० ला कोविडमुळे रद्द झाली, ती त्याच सप्टेंबरात सिक्स्थ फॉर्मला गेली आणि आता इयर १२ कसंबसं संपवून बसलीये, आणि धाकट्याची यंदा, २०२१ ला, रद्द झाली, म्हणजे घरात दोन मुलं आणि बोर्डाच्या परीक्षा शून्य. त्यामुळे ग्रुपवर कुणी काही विचारलं की "ताईंना विचारा" सुरू होतं. मी टीचर नाही, काउन्सेलर नाही, साधी आयटीतली बाई आहे, पण तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. हे सगळं इंग्लंडपुरतं हां, स्कॉटलंडची गाडीच वेगळी.

सिक्स्थ फॉर्म म्हणजे आपली अकरावी-बारावीच ना?

वयाने हो, बाकी नाही. इयर १२ आणि इयर १३ अशी दोन वर्षं, बहुतेक मुलं फक्त तीन विषय घेतात (फर्दर मॅथ्सवाले चार), आणि ए लेव्हलची परीक्षा थेट दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. इंग्लंडमध्ये १८ वर्षांपर्यंत काही ना काही शिक्षण किंवा ट्रेनिंग चालू ठेवावंच लागतं, त्यामुळे "एक वर्ष घरी बसून विचार करू दे" हा ऑप्शन नाही.

आता आपली मराठी लोकांची खरी चूक कुठे होते ते सांगते. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की दहावी घासायची, बारावी घासायची आणि मधली अकरावी म्हणजे दम खायचं वर्ष. मी स्वतः अकरावी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये काढली आणि त्याचं काही बिघडलं नाही. इथे उलटं आहे. युनिव्हर्सिटीचा यूकास फॉर्म इयर १३ च्या सुरुवातीला जातो, ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिसिनवाल्यांचा तर ऑक्टोबरच्या मध्यातच, आणि त्यावर जे प्रेडिक्टेड ग्रेड (ए लेव्हलला काय मिळेल याचा अंदाज) टाकतात ते टीचर इयर १२ च्या कामावरून आणि उन्हाळ्यातल्या मॉक्सवरून (सराव परीक्षांवरून) ठरवतात. म्हणजे पुढच्या वर्षी जून-जुलैपर्यंत जे काही होईल त्यावर ऑफर्स मिळणार. थोरलीच्या वेळी हे मला फेब्रुवारीत कळलं, तेव्हा शाळा बंद होत्या आणि ती पलंगावर लोळत टीम्सवर कॅमेरा बंद करून बसलेली असायची.

परीक्षाच झाली नाही, मग हे ग्रेड खरे की वाटलेले?

हा प्रश्न मुलांसमोर विचारू नका, एवढं आधी.

२०२० ला ऑफक्वालने (परीक्षांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) ग्रेड ठरवायला आधी अल्गोरिदम लावला, ए लेव्हलवाल्यांचे जवळपास ४०% ग्रेड शाळेने दिलेल्यापेक्षा खाली आले, मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारने माघार घेऊन शाळांनी दिलेले ग्रेड मान्य केले. यंदा अल्गोरिदम नव्हताच. टीचरनी मॉक्स, वर्गातल्या टेस्ट, कोर्सवर्क असे पुरावे गोळा करून, जे शिकवलं गेलं तेवढ्यावरच ग्रेड ठरवून १८ जूनपर्यंत बोर्डाकडे पाठवले. ग्रेड वाढलेत हे खरंच आहे, ७ आणि त्यावरचे ग्रेड (९ सगळ्यात वरचा, १ सगळ्यात खालचा) २०१९ ला २०.८% होते ते यंदा २८.९% झालेत. पण धाकट्याने मे महिन्यात जवळजवळ रोज एक टेस्ट दिलीये, कधी सकाळी फिजिक्स आणि दुपारी हिस्टरी, आणि टीचर म्हणायचे ही मिनी असेसमेंट आहे, परीक्षा नाही, फक्त तुमचा ग्रेड यावर ठरणार आहे. परीक्षा नाही म्हणे!

रिझल्टच्या दिवशी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर माझ्या सासऱ्यांनी विचारलं, "किती टक्के?" मी ९-१ चं गणित समजावायला लागले तर ते म्हणाले, "म्हणजे आमच्या ठाण्याच्या चिंट्यासारखंच, सगळे पास." त्यांचंही बरोबरच, यंदा महाराष्ट्रात दहावीची परीक्षा झाली नाही आणि निकाल ९९.९५% लागला, वर अकरावीसाठी जी सीईटी घेणार होते ती हायकोर्टाने १० ऑगस्टला रद्द केली. आजोबा हसले, आम्ही हसलो, आणि धाकटा हातातला पेढा तसाच बशीत ठेवून वर निघून गेला. दोन तासांनी दार उघडलं तेव्हा म्हणाला, "मला खरंच आठ मिळाला असता का, आई? आता कधीच कळणार नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी फक्त मेच्या टेस्टच्या पेपरांची फाइल काढली आणि आम्ही दोघांनी जिन्यात बसून ती चाळली. बऱ्याच पानांवर त्याच्याच अक्षरात बरोबर उत्तरं होती. भाषण देण्यापेक्षा ते बरं पडलं.

एका विषयात ग्रेड कमी आलाय, अपील करू का?

करता येतं, पण आधी शाळेकडे जायचं. काही चूक झाली का ते शाळा बघते, २०२१ ला ती मुदत ३ सप्टेंबर होती, आणि त्यानंतर शाळेमार्फत बोर्डाकडे १७ सप्टेंबरपर्यंत. लक्षात ठेवा, ग्रेड वर जातो तसा खालीही येऊ शकतो. "त्याच्या मैत्रिणीला सात आणि याला सहा" हे कारण चालत नाही. २०२१ ला दुसरा रस्ता म्हणजे ऑटममध्ये परीक्षा द्यायची, जीसीएसईसाठी नोव्हेंबरमध्ये, आणि दोनातला चांगला ग्रेड ठेवता येत होता. पण नवीन तीन विषय अंगावर आलेले असताना जुना पेपर पुन्हा द्यायचा म्हणजे काय ओझं असतं ते बघा, एका ग्रेडच्या हौसेसाठी मी तरी देऊ देणार नाही. सिक्स्थ फॉर्मची अट अडत असेल तर गोष्ट वेगळी.

मॅथ्स किंवा इंग्लिशमध्ये ४ (म्हणजे पास) नाही मिळाला. संपलं का सगळं?

नाही हो. ४ मिळाला नसेल तर तो विषय पुढेही शिकत राहावा लागतो, ३ असेल तर जीसीएसईच पुन्हा द्यायची, त्याखाली असेल तर फंक्शनल स्किल्सचा (रोजच्या वापरापुरतं मॅथ्स किंवा इंग्लिश) पर्याय असतो. बाकीचा कोर्स बाजूला चालूच राहतो. आपल्या लोकांत हे लपवायची पद्धत आहे, ग्रुपवर सगळ्यांचेच नऊ असतात, पण मला पर्सनल मेसेज करणारे कमी नाहीत.

मॅथ्समध्ये ८ आहे, मग ए लेव्हल मॅथ्स आरामात जमेल ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून इथे जरा वेळ घेते.

थोरलीला पण ८ होता. मार्च २०२० ला शाळा बंद झाली, परीक्षा रद्द झाली आणि त्या दिवसापासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे जवळपास सहा महिने, तिने पेन हातात धरलं नाही. सिक्स्थ फॉर्मच्या तिसऱ्या आठवड्यात मॅथ्सची पहिली टेस्ट झाली, घातांक, सर्ड्स, क्वाड्रॅटिक, सगळं जीसीएसईचंच पण जरा वरचं, आणि तिला मिळाला यू. यू म्हणजे सरळ नापास, ग्रेडच नाही. घरी येऊन तिने बॅग दारातच टाकली आणि म्हणाली, "मी मुळात आठवाली नव्हतेच." बघा, एका टेस्टने मागची अख्खी पाच वर्षं खोटी ठरवली तिने स्वतःच.

खरं काय होतं ते आम्हाला ऑक्टोबरात कळलं. तिला गणित येत होतं, पण शेवटचे तीन-चार महिने जी रिव्हिजन व्हायला हवी होती, तोच तोच प्रकार पन्नास वेळा करून हाताला बसायला हवा होता, ते झालंच नव्हतं. यंदाच्या मुलांचं थोडं वेगळं आहे, यांचं इयर १० मार्चमध्ये तुटलं, मग इयर ११ मध्ये जानेवारी ते ८ मार्च पुन्हा घरी, त्यामुळे यांचे काही धडेच शिकवलेले नाहीत आणि प्रत्येक शाळेत गाळलेले धडे वेगवेगळे. सिक्स्थ फॉर्मला दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलांना तर शेजारी बसलेल्याला जे येतं ते आपल्याला का येत नाही हेच कळत नाही, आणि ती गप्प बसतात.

तर ऑगस्टच्या उरलेल्या दिवसांत एवढं करा. त्या विषयाचं जीसीएसई स्पेसिफिकेशन बोर्डाच्या वेबसाइटवरून काढा, बोर्ड नीट बघा, एक्यूए आहे की एडेक्सेल की ओसीआर, आणि मुलालाच सांगा की जे शिकवलं त्यावर टिक कर, जे अर्धवट झालं त्यावर प्रश्नचिन्ह. आपण करायचं नाही, त्यालाच करू द्यायचं. धाकट्याच्या केमिस्ट्रीच्या यादीवर तीन प्रश्नचिन्हं आली, त्यात मोल्सचं गणित होतं, आणि ते आलं नाही तर ए लेव्हलची केमिस्ट्री पहिल्या महिन्यातच दमवते. बहुतेक सिक्स्थ फॉर्म उन्हाळ्यात ब्रिजिंग वर्क (जीसीएसई आणि ए लेव्हलमधली दरी भरणारा अभ्यास) देतात, ते पीडीएफ ईमेलमध्ये कुठेतरी पडलेलं असतं, शोधा. रोज पाऊण तास, बास. आठ तासांचं टाइमटेबल फ्रिजवर लावू नका, मी लावलं होतं, तिसऱ्या दिवशी त्यावर पिझ्झाचं कूपन चिकटलेलं होतं.

विषय नंतर बदलता येतात का?

साधारण पहिले चार-सहा आठवडे, वर्गात जागा असेल तर. बदलायच्या आधी पुढचं बघा: मेडिसिनला केमिस्ट्री जवळपास सगळीकडे लागतं, इंजिनिअरिंगला मॅथ्स आणि बहुतेक ठिकाणी फिजिक्स, आणि इकॉनॉमिक्सला चांगल्या युनिव्हर्सिटीज मॅथ्स मागतात.

मुलगा दुपारी एकलाच घरी येतो. वर्गातून काढलंय का?

नाही, फ्री पीरियड्स आहेत. एका विषयाचे आठवड्याला साधारण चार-पाच तास, तीन विषयांचे मिळून पंधराच्या आसपास, आणि साधारण तेवढाच वेळ स्वतःचा स्वतः अभ्यास करावा अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कुणी मोठ्याने सांगत नाही, हीच गंमत. गेल्या दीड वर्षात बरेच महिने ही मुलं स्क्रीनसमोर एकटी बसून शिकलीत, त्यामुळे घर म्हणजे अभ्यास ही सांगड मोडलीये, घर म्हणजे आता सगळंच. आमच्याकडे थोरलीने निर्णय घेतला की फ्री पीरियड शाळेच्या लायब्ररीतच काढायचा आणि चारनंतर घरी यायचं. तिचा निर्णय होता म्हणून टिकला.

पेपर लिहायची सवयच गेलीये. काय करायचं?

ह्या बॅचने शाळेच्या हॉलमध्ये, घड्याळाखाली, अनोळखी इन्व्हिजिलेटरसमोर बसून एकही पब्लिक परीक्षा दिलेली नाही. म्हणजे आयुष्यातली पहिली बोर्डाची परीक्षा थेट २०२३ ची ए लेव्हल असणार. मॅथ्सचा एक पेपर दोन तासांचा असतो. थोरलीला इयर १२ च्या मॉकमध्ये सव्वा तासानंतर हात दुखायला लागला आणि शेवटचे दोन प्रश्न तसेच राहिले, येत असून राहिले.

आम्ही आता रविवारी सकाळी डायनिंग टेबल रिकामं करतो, फोन सगळ्यांचे (माझा आणि नवऱ्याचा पण) स्वयंपाकघरातल्या पोळ्यांच्या डब्यात, आणि एक पास्ट पेपर पूर्ण वेळ लावून. महिन्यातून दोनदा पुरे. मार्क मीच देणार असा हट्ट करू नका, मार्क स्कीम त्यांच्याच हातात द्या, कुठल्या शब्दाला मार्क आहे ते त्यांना तिथूनच कळतं. पहिले दोन-तीन पेपर वाईट जाणार, तेव्हा तोंडाला कुलूप. मला हे जमायला तीन रविवार लागले.

दार लावून बसते, बोलत नाही. हे वयाचं की काळजीचं?

बरंचसं वयाचं. पण झोप पूर्ण बिघडलीये, जेवण तुटलंय, मित्रमैत्रिणींचे मेसेजही बघत नाही, सकाळी पोटात दुखतं म्हणून शाळा टाळली जातेय, आणि असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय, तर थांबू नका. सिक्स्थ फॉर्मचे ट्यूटर किंवा पास्टोरल टीमला (शाळेत मुलांची विचारपूस करणारी टीम) ईमेल करा, जीपीची (फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट घ्या. कॅम्सची (मुलांच्या मानसिक आरोग्याची सरकारी सेवा) वेटिंग लिस्ट लांब असते म्हणून नाव घालायलाही उशीर करू नका. १६ वर्षांचं मूल जीपीकडे एकटं जाऊ शकतं आणि डॉक्टर तुम्हाला सगळं सांगतीलच असं नाही. आपल्याला हे झोंबतं, "मी आई आहे" वगैरे, पण त्यामुळे मूल जातं तरी. चाइल्डलाइनचा (मुलांसाठीची हेल्पलाइन) नंबर ०८०० ११११, फुकट आहे, आणि फोनवर बोलायला नको वाटणाऱ्यांसाठी ८५२५८ वर शाउट असा मेसेज करायचा. जीव द्यायचं बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर त्याच दिवशी, रात्र असेल तर ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलची इमर्जन्सी.

बाकी बोलण्याचं म्हणाल तर समोरासमोर बसवून "काय झालंय तुला" विचारलं की उत्तर "नथिंग". आमचं सगळं बोलणं गाडीत होतं, बाजूबाजूला बसून, दोघांची नजर रस्त्यावर. एकदा मी टेस्कोला उगाच लांबच्या रस्त्याने गेले होते. आणि "आमच्या वेळी" हे दोन शब्द वर्षभर विसरा, आमच्या वेळी शाळा कधी सहा महिने बंद नव्हत्या.

ट्यूशन लावू का?

दिवाळीपर्यंत थांबा. आधी विषय कळू दे, शाळेत लंचटाइमला बहुतेक ठिकाणी फुकट सपोर्ट असतो तिथे जाऊ दे. मग नेमका एखादा भाग अडला तर त्यापुरता माणूस शोधा. तिन्ही विषयांना ट्यूटर लावले की मूल स्वतः विचार करणं सोडतं आणि तुमचा महिन्याचा हिशोब कोलमडतो.

ए लेव्हल झेपेल असं वाटत नाही, पण बीटेक (इथला प्रॅक्टिकल, कामाशी जोडलेला कोर्स) घेतलं तर लोक काय म्हणतील?

लोक आधी "बीटेक? इंजिनिअरिंग?" म्हणतील, कारण उच्चार तोच आहे, आणि तुम्ही खुशाल हो म्हणा. मस्करी सोडा, ज्या मुलाला वर्षभर थोडं थोडं काम करून मार्क मिळवायला आवडतं त्याच्यासाठी तो चांगला रस्ता आहे आणि त्यावरून युनिव्हर्सिटीतही जाता येतं. सप्टेंबर २०२० पासून टी लेव्हल्स पण सुरू झाल्यात, एक टी लेव्हल तीन ए लेव्हलच्या बरोबरीची आणि त्यात किमान ४५ दिवस खऱ्या कंपनीत काम. अप्रेंटिसशिपही आहेच, शिकता शिकता पगार.

शाळा आता आम्हाला काही सांगतच नाही!

हो, सिक्स्थ फॉर्ममध्ये मुलांना मोठं समजतात. पेरेंट्स इव्हनिंग ऑनलाइन झाल्यापासून तर एका टीचरची पाच मिनिटं, वर कोपऱ्यात काउंटडाउन, आणि वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी स्क्रीन जाते. माझं फिजिक्सच्या सरांशी बोलणं "पण मला जी खरी काळजी वाटते ती म्हणजे..." इथे संपलं. त्यामुळे "कसं चाललंय" विचारूच नका, विचारा: आज परीक्षा झाली तर कुठला ग्रेड, नेमका कुठला भाग कच्चा आहे, आणि प्रेडिक्टेड ग्रेड कुठल्या टेस्टवर ठरणार. मुलाला शेजारी बसवा, त्याच्या पाठीमागे बोललं की घरी आल्यावर अर्धा तास खुलासे.

पैसे, बस, व्हिसा?

चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) मिळत असेल तर मूल पुढे शिकतंय हे एचएमआरसीला (टॅक्स खात्याला) ३१ ऑगस्टच्या आत कळवा, नाहीतर बंद होतं. उत्पन्न कमी असेल तर शाळेत १६-१९ बर्सरी फंडची (आर्थिक मदतीची) चौकशी करा, लाजायचं काही नाही. लंडनमध्ये १६+ झिप ऑयस्टर कार्ड काढलं की बस फुकट. शनिवारची नोकरी करायची असेल तर २०२१ ला १८ च्या आतल्यांना किमान ताशी ४.६२ पौंड होते, आठवड्याला सात-आठ तासांच्या वर नको असं माझं मत.

व्हिसावर असलेल्यांनी मात्र आत्ताच हिशोब मांडा. युनिव्हर्सिटीत होम फी (२०२१ ला वर्षाला ९,२५० पौंड होती) साधारणपणे तेव्हाच लागते जेव्हा कोर्सच्या सुरुवातीला मुलाकडे आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) किंवा नागरिकत्व असतं आणि त्याआधीची तीन वर्षं इथे काढलेली असतात. नुसत्या डिपेंडंट व्हिसावर असेल तर बहुतेक वेळा इंटरनॅशनल फी, म्हणजे दुप्पट-तिप्पट. आयएलआर सप्टेंबरमध्ये मिळणार की नोव्हेंबरमध्ये यावरून मोठा फरक पडतो, आणि हे इयर १३ मध्ये कळलेली दोन घरं मला माहितेय.

कोविडचं काय?

२०२१ च्या उन्हाळ्यात शाळेतले बबल्स (मुलांचे वेगळे ठेवलेले गट) गेले. संपर्कात आलं म्हणून १८ च्या आतल्यांना १६ ऑगस्टपासून घरी बसावं लागत नव्हतं, पीसीआर मात्र करायची होती. टर्मच्या सुरुवातीला शाळेत दोन लॅटरल फ्लो (झटपट कोविड टेस्ट), मग घरी आठवड्याला दोन, असं तेव्हा ठरलं होतं. १६-१७ वाल्यांना लसीचा पहिला डोस तेव्हा सुरू झाला होता.

भारत रेड लिस्टमधून (तिथून परत आलं की हॉटेल क्वारंटाइन, त्या यादीतून) निघाला, दिवाळीला आजी-आजोबांकडे नेऊ का?

८ ऑगस्टला निघाला तेव्हा आमच्याही घरी हाच विषय. दोन वर्षं झाली, कुणाचं कुणी गेलं आणि आपण इथून फक्त व्हिडिओवर बघितलं, त्यामुळे नको म्हणायला जीभ रेटत नाही. पण यंदा दिवाळी ४ नोव्हेंबरला आहे आणि बहुतेक शाळांची हाफ टर्म त्याच्या आदल्याच आठवड्यात संपते, म्हणजे लक्ष्मीपूजनाला शाळा आहे. ज्या मुलांचे आधीच इतके महिने बुडालेत त्यांचे पहिल्या टर्मचे अजून दोन आठवडे मी बुडवणार नाही, आम्ही ख्रिसमसची तिकिटं बघतोय. आजोबांना कळवलंय. ते म्हणाले, "ठीक आहे, पण तोपर्यंत टक्के किती ते नीट शोधून ठेवा."

एनरोलमेंटच्या दिवशी काय न्यायचं?

रिझल्ट स्लिप, पासपोर्ट किंवा बीआरपी (२०२१ ला असायचं ते व्हिसाचं कार्ड), ईमेल केलेला फॉर्म, चार्ज केलेला फोन. शाळेत सूट घालावा लागतो का ते आधीच बघा, आमच्याकडे लागतो आणि लॉकडाऊनमध्ये धाकटा चार इंच वाढलाय, काल बाबांचा ब्लेझर घालून बघितला तर बाह्या आखूड. डबा देऊ नका, लंचला बाहेर जाता येतं आणि पहिल्या दिवशी डबा उघडायची लाज वाटते. थोरली म्हणते दुसऱ्या आठवड्यापासून ते स्वतःच मागतात.